निंबाचा सांधोबा, योगराजचा धूर

निंबा पाटलाला कोणी फुकट चहा पाजला, तर तो आधी कपात बघायचा आणि मग पाजणाऱ्याच्या तोंडाकडे. हा स्वभाव काही जन्माचा नव्हता. पारोळ्याकडच्या खेड्यातून सतराव्या वर्षी सुरतला आला, तेव्हा तो कुणाच्याही मागे मान खाली घालून जायचा. पुढची एकतीस वर्षं लूमच्या खात्यात उभा राहिला. त्यात त्याचे कान निम्मे गेले आणि भरवसा सगळा.

लूमच्या कारखान्याला इथं खाता म्हणतात. खात्यात मशीनं चालू झाली की शेजारचा माणूस बोंबलला तरी ऐकू येत नाही. सगळा कारभार हातांनी चालतो. सुताची तार तुटली, शेठ आला, चहा आला, ह्या सगळ्याला खुणा असतात. निंबा हातांनीच बोलायला शिकला आणि हातांनीच चित्रं काढायला. शाळा सातवीपर्यंत, तीही रडतखडत. साडीवरची नक्षी विणायला पूर्वी भोकं पाडलेले लांबट पुठ्ठे लागायचे. त्या जागी कॉम्प्युटर आला आणि पुठ्ठे भंगारात निघाले. निंबानं त्यातले दोन गोण्या भरून घरी आणले. सुंदराबाई, म्हणजे त्याची बायको, म्हणाली, "घरमा बसाले जागा नही अन् हाई काय आनं?" निंबानं एक पुठ्ठा उचलला. त्यानं पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला पेननं एक माणूस काढला. भोक मध्ये आलं तिथं डोळा केला.

तो माणूस म्हणजे सांधोबा. त्याच्यामागे एक मेलेला माणूस होता, ते आधी सांगितलं पाहिजे.

उखा मराठे सुरतच्या कतारगामला छगनशेठच्या खात्यात निंबाच्या शेजारच्या मशीनवर होता. मोटरच्या पट्ट्यावर लोखंडी जाळी असावी लागते. त्या खात्यात एकाही मशीनला नव्हती. चार वर्षांपूर्वी उखाचा गमछा पट्ट्यात गेला आणि गमछ्यामागे उखा. पोलिसांच्या कागदावर काय आलं? 'कारागीर नशेत होता.' ज्या माणसानं आयुष्यात तंबाखूची पुडी फोडली नाही, त्याला मेल्यावर दारुडा करून टाकला. निंबा साक्ष द्यायला गेला. त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि एक ओळसुद्धा लिहिली नाही. निंबानं तो खाता सोडला. उखाची बायको मंदा तेव्हापासून कोसाडच्या आवासात, म्हणजे सरकारी वसाहतीत, राहते, साड्यांचे धागे कापते, आणि नळावर भांडण झालं की बाया तिला नवऱ्याच्या दारूवरून बोलतात.

तर सांधोबाचा चेहरा उखाचा. लुंगी, बनियन, कमरेला सूत गुंडाळलेला कोन. जे तुटेल ते हा डोळ्याचं पातं लवायच्या आत सांधतो: तार, हाड, पत्र्याचं छप्पर. आणि त्याच्यासमोर उभा पट्टासुर. पट्टासुराचं पोट आणि पाच बोटांतल्या सात अंगठ्या बघितल्या की अर्ध्या कतारगामला कळायचं, हा कोण. पुठ्ठे दोऱ्यानं एकाखाली एक ओवलेले. सोडले की गोष्ट वरून खाली उलगडत जायची. लोकांनी त्याचे फोटो काढले, फोटो मोबाइलवरून फिरले. खात्याखात्यात लोक जाळ्यांबद्दल बोलायला लागले.

आणि एक दिवस योगराज दारात उभा राहिला.

योगराज समोरच्याच बिल्डिंगमधला, सत्ताविशीचा. लग्नाची शूटिंग करायचा. त्यातून वेळ काढून अहिराणीत फिल्मा बनवायचा आणि यूट्यूबवर टाकायचा. अकरा झाल्या होत्या.

"काका, तुमचा सांधोबा आपल्याला द्या. आपल्या भाषेतला पहिला सुपरहीरो. कडक फिल्म बनेल."

"देऊ म्हणजे?"

"म्हणजे मी डायरेक्टर. तुमची गोष्ट, माझी स्टाईल."

"गोष्ट माझी तर तुझी स्टाईल कशाला मध्ये?"

योगराज हसला. "काका, त्याच्याशिवाय पिक्चर कसं बनेल?"

निंबानं आठ दिवस घेतले. नवव्या दिवशी हो म्हणाला, कारण मंदा म्हणाली, "पुठ्ठा हातावर बसतो, दादा. पिक्चर भिंतीवर दिसतं. बायांना नळावर दाखवीन."

योगराजनं नमुना म्हणून एक सीन आवासाच्या गच्चीवर घेतला आणि मोबाइलवर दाखवला. आधी पाय. नुसते पाय, हळूहळू चालणारे. मग धूर. धुरातून लुंगी, लुंगीवरून पोट, छाती, आणि शेवटी कुठंतरी हनुवटी. मागून ढोल.

"हा सांधोबा शे का नवरदेव?" निंबा म्हणाला.

"एन्ट्री आहे काका!"

"सांधोबा समोरून येतो. छाती काढून येतो. पुठ्ठ्यावर बघ."

"पुठ्ठ्यावर चालतं. पडद्यावर हीरो पायांपासून उघडायचा, ही माझी पद्धत."

"आणि पट्टासुर? तो कुठं आहे?"

"तो धुरात. व्हिलनचा चेहरा मी दाखवत नाही. नुसती सावली. भीती वाटते."

निंबाच्या डोक्यात तिडीक गेली. पोट नाही, अंगठ्या नाहीत, चेहरा नाही. मग राहिलं काय? धूर! उखाला धुरानं मारलं की काय? पण त्यानं तोंड आवरलं. त्याच्या मनात पाल चुकचुकली होती, आणि ती उगाच चुकचुकली नव्हती, हे चार दिवसांत दिसलं. योगराज नाचत आला: "काका, लोकेशन मिळालं! छगनशेठ स्वतः खाता देतायत. सुट्टीच्या दिवशी आठ मशीनंसुद्धा चालवून देणार."

"स्वतःहून?"

"स्वतः फोन केला त्यांनी."

निंबानं जेवण अर्धवट टाकलं. ज्याचं पोट पुठ्ठ्यावर चितारलं, तो स्वतःहून दार उघडतो? कोणाला बनवतात हे लोक? पोरगं विकलं गेलं, हे त्यानं मनात पक्कं केलं. फक्त पुरावा हवा होता. त्यानं सुंदराबाईचा मोबाइल घेतला, एक वही घेतली आणि योगराजच्या अकराच्या अकरा फिल्मा लावून बसला. तीन दुपारी गेल्या.

"तुमले देव जरी भेटना ना," सुंदराबाई म्हणाली, "तरी तुम्ही त्यानं आधारकार्ड मांगशात."

"मांगसू," निंबा म्हणाला. "फोटो मिळतो का तेबी देखसू."

वहीत त्यानं लिहिलं ते असं: सुरुवात पायांपासून, अकरापैकी अकरा. धूर, नऊ. वाईट माणसाचा चेहरा, एकदाही नाही. सावकाराची गोष्ट होती त्यातही धूर, सासूची होती त्यातही धूर. एका फिल्ममध्ये तर म्हैस पायांपासून वर आली होती. छगनशेठचा फोन यायच्या दोन-दोन वर्षं आधीच्या फिल्मा होत्या ह्या. म्हणजे पोरगं विकलेलं नव्हतं. ते असंच होतं. नवरीचे पैंजण, स्टेजवरचा धूर, हळू चाल. दोनशे लग्नं काढून त्याचा डोळाच तसा बसला होता. देवाची गोष्ट द्या की दरोड्याची, ह्याच्या हातात गेली की तिचं लग्न लागायचं.

दुसऱ्या कोणाला बरं वाटलं असतं. निंबाला जास्तच भीती वाटली. छगनशेठनं हे आपल्याआधी बघितलं असणार. माणूस विकत कशाला घ्यायचा, जेव्हा त्याची सवयच आपलं काम फुकट करते? पिक्चर येईल, त्यात छगनशेठचा खाता चकाचक दिसेल, खलनायक धुरात विरून जाईल, आणि मंदाला लोक म्हणतील, बघ, खुद्द निंबानं बनवलेल्या पिक्चरमध्येसुद्धा शेठची काही चूक नाही. मग उखा कायमचा दारुडा.

शूटिंगच्या दिवशी सकाळी तो पुठ्ठ्यांचं बोचकं काखेत मारून कतारगामला पोचला. ठरवूनच गेला होता: जरा काही वावगं दिसलं की पुठ्ठे उचलायचे आणि चालू पडायचं.

वावगं दारातच दिसलं. आठही मशीनांच्या पट्ट्यांवर जाळ्या. हिरव्यागार. रंगाचा वास अजून नाकात जात होता.

"या या, निंबाभाई!" छगनशेठ समोर आला. अंगठ्या जागेवर होत्या. "जुनं सगळं विसरून जा. आता सेफ्टी फर्स्ट. पिक्चरमध्ये दिसू द्या लोकांना."

"कधी बसवल्या?"

"अरे, केव्हाच!"

निंबाच्या कानशिलात रक्त चढलं. त्यानं योगराजला बाजूला ओढलं. "बंद कर. हे नाटक आहे. उखा मेला तेव्हा इथं जाळी नव्हती, आणि तुझ्या पिक्चरमध्ये ती दिसणार. म्हणजे उखा खोटा."

"काका, हिरवा रंग फ्रेममध्ये काय भारी येतोय बघा ना."

"फ्रेमच्या..." निंबानं शिवी गिळली. "मी पुठ्ठे घेऊन चाललो."

"एक सीन. फक्त एन्ट्री. मग भांडा."

तो थांबला, तो केवळ भांडायला. योगराज कॅमेरा घेऊन तेलकट फरशीवर पालथा पडला, नाक जमिनीला टेकेपर्यंत. शेजारी स्टुलावर एक मोठी स्क्रीन जोडलेली होती. कॅमेऱ्याला दिसतं ते तिच्यात दिसायचं. सांधोबा झालेला पोरगा दोन मशीनांच्या मधल्या गल्लीत उभा राहिला. धुराचं यंत्र सुरू झालं. मशीनं सुरू झाली. खात्याचे पंखेही सुरू झाले, आणि योगराजचा लग्नातला धूर त्या वाऱ्यानं भसकन् दाराबाहेर गेला. उरले पाय. आणि पायांच्या मागे, जाळीचं खालचं टोक.

निंबा स्क्रीनसमोर वाकला.

उभ्या माणसाला जाळी पक्की दिसत होती. जमिनीवरून दिसत होतं ते वेगळं: बोल्टची भोकं रिकामी, आणि जाळी फ्रेमला पांढऱ्या सुतानं बांधलेली. घाईत बोल्ट कोण बसवणार? खात्यातल्या माणसाला काहीही बांध म्हटलं की त्याचा हात आधी सुताकडे जातो. चप्पल तुटो, डबा सुटो, सूत आहेच. कोण्या कारागिरानं शेठचा हुकूम ऐकला आणि आठ जाळ्या विणकराच्या गाठीनं बांधून टाकल्या. मशीन थरथरायला लागलं तसं सूत सैल झालं. स्क्रीनवर पाय चालत होते आणि मागे जाळी एका बाजूनं लोंबायला लागली होती. आतला पट्टा उघडा फिरत होता.

निंबानं एकतीस वर्षं हीच मशीनं बघितली होती, पण उभ्यानं. त्याच्या पुठ्ठ्यांवरसुद्धा सगळे समोरासमोर उभे. जमिनीला नाक लावायचं त्याला कधी सुचलं नव्हतं.

छगनशेठनंही स्क्रीन बघितली. त्यानं हात उंच करून मशीनं बंद करवली.

"आ नै चाले. वरून घे. चेहऱ्यावरून घे."

योगराज कपडे झटकत उठला. त्याला जाळीचं काहीच कळलेलं नव्हतं, एवढंच कळलं होतं की कोणीतरी त्याला शॉट कसा घ्यायचा ते शिकवतंय.

"शेठ, माझा सीन पायांपासून उघडतो."

"आज वरून उघड."

"अकरा फिल्मा केल्या मी. अकराही पायांपासून."

"अरे, खाता माझा आहे!"

"आणि कॅमेरा माझा आहे! नवरीच्या बापाचं ऐकलं नाही मी कधी, तुमचं ऐकू?"

"लाइट बंद करो!" शेठ ओरडला. "बाहर!"

अंधारात धावपळ झाली, स्टूल पडलं, सांधोबाची लुंगी कशाततरी अडकली. रस्त्यावर आल्यावरही योगराज तणतणत होता. "बघितलं काका? माझ्या स्टाईलवर आला तो! का पण? काय बिघडलं होतं शॉटमध्ये?"

निंबानं त्याला जाळी, भोकं आणि सूत समजावून सांगितलं. योगराजनं कॅमेऱ्यात तो तुकडा पुन्हा बघितला.

"कार्ड दे," निंबा म्हणाला.

"कसलं?"

"ज्यात हे आहे ते."

"काका, माझ्यावर विश्वास नाही?"

"नाही."

योगराजचा चेहरा पडला. "मी आत्ता तुमच्यासाठी भांडलो."

"तू तुझ्या पायांसाठी भांडलास. उद्या शेठ म्हणेल, तुझ्या पायांना मोठा पडदा देतो. मग? दे."

त्यानं दिलं. निंबानं कार्ड बनियनच्या आतल्या खिशात टाकलं आणि दोघं रिक्षानं थेट कोसाडला मंदाच्या घरी गेले. मंदा धागे कापत होती. निंबानं कार्ड तेवढ्यापुरतं कॅमेऱ्यात घातलं, आणि कात्री खाली न ठेवताच तिनं कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनमध्ये डोकावून बघितलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा बघताना ती जाळी लोंबायला लागते तिथं तिनं कात्रीचं टोक लावलं.

"हाई आजनं शे?"

"आजचं," निंबा म्हणाला. "आजसुद्धा ह्यांनी सुतानं बांधली. तेव्हा तर तेवढंही नव्हतं."

मंदानं कात्री खाली ठेवली. मग योगराजला विचारलं, "ह्यात त्यांचं नाव येईल?"

"येईल ना मावशी. शेवटी पाट्या येतात, त्यात टाकतो. 'स्मरणार्थ'."

"शेवटपर्यंत कोण बसतं? पिक्चर संपलं की लोक उठतात. आधी टाक."

"आधी म्हणजे... माझी फिल्म पायांपासून सुरू होते, मावशी."

"पायांच्या आधी."

योगराजनं निंबाकडे बघितलं. कार्ड पुन्हा खिशात गेलं होतं; निंबानं त्या खिशावर हात ठेवला. पोरगं दोन मिनिटं नखं खात बसलं. त्याच्या अकरा फिल्मांत पायांआधी काही आलं नव्हतं. मग त्यानं मोबाइल काढला. "सांगा. काय लिहू?"

"उखा दगा मराठे," मंदा म्हणाली. "दारू पीत नव्हते."

"एवढंच?"

"एवढंच. अन् त्याच्यावर धूर नको."

योगराजनं टाइप केलं. निंबानं मोबाइल स्वतःच्या हातात घेऊन एकेक अक्षर वाचलं, मग मंदाला वाचून दाखवलं, मग पुन्हा स्वतः वाचलं. कार्ड मात्र त्यानं सोडलं नाही. फिल्म जोडायचं काम आपल्या घरी होईल, आपल्या डोळ्यांसमोर, असं त्यानं सांगून टाकलं. आता योगराज रोज संध्याकाळी लॅपटॉप घेऊन येतो, सुंदराबाई चहा ठेवते, आणि निंबा मागे खुर्ची टाकून बसतो. आधी उखाचं नाव, मग पाय, एवढं ठरलंय. धुरावरून अजून भांडण चालू आहे.