थेटर गल्लीतलं पुढचं टेबल

बारामतीत थेटर गल्ली कुठं, असं विचारलं की हल्ली लोक आधी इकडंतिकडं बघतात आणि मगच बोट दाखवतात. मला याचा भयंकर राग येतो. मी याच गल्लीत वाढले. आमचं चहा आणि खिमा-पावाचं हॉटेल अजून इथंच आहे आणि अब्बा गेल्यापासून गल्ल्यावर मी बसते.

तमाशाचं थेटर चालू होतं तेव्हा दिवेलागणीला ही गल्ली जागी व्हायची. तोंडाशी देशी दारूचा गुत्ता, त्याला लागून मटणाची खानावळ, समोर घुंगरांना नवे पट्टे लावून देणारा कारागीर, मग पानाची टपरी, शेवटी आम्ही आणि आमच्या भिंतीला भिंत लावून थेटरचा पत्र्याचा दरवाजा. पार इंदापूर, कळंबपासून माणसं यायची. तोंडाला उपरणं गुंडाळलेले सभ्य गृहस्थ टपरीवर उगाच पान चघळत उभे राहायचे आणि अंधार पडला की आत सटकायचे. आज त्यांचीच मुलंनातवंडं म्हणतात, गल्लीचं नाव बदला, शोभत नाही. करून सवरून नामानिराळे!

आमच्या हॉटेलात एक रीत होती. रस्त्याकडेचं पुढचं टेबल थेटरच्या बायकांचं. खेळाला उभं राहण्याआधी त्या तिथं येऊन बसायच्या आणि पहिला चहा त्यांना जायचा, तोही कपबशीतून. बाकीचे हॉटेलवाले त्यांना मागच्या दारानं चहा द्यायचे. अब्बांना कुणी टोकलं की ते म्हणायचे, "स्टेजवर दिसल्या की शिट्ट्या मारता, आन् हितं चहा पिताना दिसल्या की डोळं दुखत्यात व्हय?" या रीतीपायी घराला बोलणी खावी लागली. माझी ठरत आलेली एक सोयरीकही मोडली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण टेबल बायकांचंच राहिलं.

पुढं थेटर बंद पडलं. तिथं आता सिमेंटचं गोदाम आहे. बायका पांगल्या, एक तेवढी गल्लीतच राहिली. तिला सगळे बाई म्हणतात. आता नाचणं थांबलंय, पण ती पोरींना शिकवते आणि दुपारी त्यांना घेऊन चहाला येते. बसते पुढच्याच टेबलावर.

गेल्या वर्षी माझ्या पुतण्यानं हॉटेलला नवा रंग दिला, फरशा बसवल्या आणि मागं प्लायवूडचा आडोसा करून पडदा लावला. वर पाटी, फॅमिली रूम. मला वाटलं, बरं झालं, लेकुरवाळ्यांची सोय झाली. त्याच्या डोक्यात काय होतं ते मला नंतर समजलं.

एका दुपारी कऱ्हाटीकडचं एक कुटुंब लग्नाची खरेदी उरकून आलं. नवरा, बायको आणि नवऱ्याची म्हातारी आई. बाई तिच्याकडं शिकणाऱ्या दोन पोरींबरोबर पुढं बसली होती. तिच्याकडं बघून तो गृहस्थ पुतण्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटला. पुतण्या लगेच बाईजवळ गेला.

"बाई, तुमी आत बसा की. आत पंखा बी हाय."

बाईचा जन्म लोकांच्या नजरा ओळखण्यात गेलेला. ती उठली. "ऱ्हाऊ दे बाळा. चहा काय, घरी बी हुतोय," म्हणाली आणि तिनं पोरींना खूण केली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाई आज या पायरीवरून उतरली तर पुन्हा चढणार नाही, हे मला कळत होतं. आणि एकदा पडद्याची सवय लागली की तो तिच्यापुरता कशाला राहील? बाईमाणूस गल्ल्यावर बसते म्हणून नाकं मुरडणारे आजही आहेतच की. मी उठले, बाईच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं.

"टेबल तुमचं हाय. उठायचं न्हाय." मग त्या गृहस्थाकडं वळले. "दादा, ज्यांना हितलं बघवत न्हाय त्यांच्यासाठीच तो पडदा लावलाय. खुशाल आत बसा. पंखा बी हाय."

"फुपी, गिऱ्हाईक जाईल," पुतण्या कळवळून म्हणाला.

"जाऊ दे. तुझ्या आजोबांनी बी जाऊ दिलंय."

गृहस्थ लालबुंद झाला. पण बायको दमलेली होती, तिला घेऊन तो आत गेला. म्हातारी मात्र मागंच रेंगाळली.

"हितंच टेकू का?" तिनं बाईला विचारलं. बाई सरकून बसली. म्हातारी तिच्या तोंडाकडं बराच वेळ बघत राहिली. "आमचं मालक तुमच्या थेटराला यायचं. मी घरी बसून तुमास्नी लई शिव्या घालायची."

पोरींनी माना खाली घातल्या. बाई खुदकन हसली.

"आत्ता कळलं! ऐन लावणीत उचक्या लागायच्या, त्या तुमच्या व्हत्या तर."

म्हातारी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मी दोघींपुढं कपबशा ठेवल्या. तेवढ्यात पडदा हलला आणि म्हातारीच्या मुलानं डोकं बाहेर काढलं.

"आई, आत ये. लोक बघत्यात."

म्हातारीनं चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि मान न वळवता म्हणाली, "बघू दे. मी काय चोरी केलीया व्हय? लपून तू बसलायस. तूच भाईर ये."