एस्नार्टबाईंच्या आईची माती

मंगळवारी सकाळी मका कांडत होते. अर्धा कांडून सुपात काढला होता, अर्धा उखळातच होता, तेवढ्यात शेजारची फ्लोरिडा कुंपणाशी येऊन म्हणाली, "एस्नार्टबाईंची आई गेली. पहाटेच."

मी मुसळ तसंच धरून कानोसा घेतला. आमच्याकडे माणूस गेलं की आधी बायकांचा आकांत ऐकू येतो, मग घराघरातून बायका डोक्यावर लाकडं घेऊन निघतात. आज कोंबड्यांखेरीज आवाज नव्हता.

"कुणीच गेलं नाही?"

"तू जातेस?" फ्लोरिडा म्हणाली. "आधी तू जा, मग मी येते मागनं. सभ्य बाई आहेस तू, चर्चच्या महिला मंडळातली."

मी गेले नाही. ते का, हे लिहायचं तर बाईंचं सगळंच लिहायला हवं.

एस्नार्ट मसिस्का आमच्याच गावची लेक. शिक्षण आठवीपर्यंत. नवरा जोहान्सबर्गच्या खाणीवर गेला तो तिकडचाच झाला, म्हणून ती माहेरी आईपाशी परतली. सरकारी शाळा नदीपलीकडे दोन तासांवर. पावसाळ्यात नदी चढली की लहान पोरं जानेवारी ते मार्च घरीच. बाईंनी चर्चच्या पडवीत सहा पोरं बसवली आणि कोळशाने भिंतीवर अक्षरं काढली. पाळकांनी आधी भिंत खराब केली म्हणून झापलं, मग आपलीच नात आणून बसवली. पुढे तालुक्याच्या गावातल्या चार निवृत्त मास्तरांच्या छोट्या संस्थेने पाट्या दिल्या, आणि पेजेसाठी मक्या-सोयाचं पीठ. त्यांची अट एकच होती. वर्षातून एकदा त्यांचा माणूस येऊन बघणार. वर्ग चालू दिसला तर पीठ चालू. गेल्या वर्षी शेवटी चोपन्न पोरं होती. नवं पीक येण्याआधीच्या उपाशी महिन्यांत त्यांतल्या निम्म्यांच्या पोटात दुपारपर्यंत तेवढी पेजच असायची.

गेल्या जूनमध्ये तो माणूस यायचा होता, त्याच सकाळी तिवोंगेचं आठ महिन्यांचं बाळ तापाने गेलं. मयत झाली की शेतात कुदळ चालत नाही, बाजार नाही, शाळा नाही. हे बाईंना आम्ही सांगायला नको होतं. पण त्यांनी हिशेब केला, की माती दुपारनंतरच होते, पाहुणा अकरापर्यंत जाईल, मग आपण धावत जाऊ. त्या विसरल्या, की तान्ह्या लेकराला कुणी दुपारपर्यंत ठेवत नाही. बायकाच लगेच नेऊन पुरतात. बाई पोचल्या तेव्हा मातीवर काटेरी फांद्या घालूनही झाल्या होत्या. कुणी काही बोललं नाही. न बोलणं आमच्या गावाला छान जमतं.

जो दुसऱ्याच्या मातीला येत नाही, त्याच्या मातीला गाव जात नाही; आता बाईंच्या आईची माती अडली होती.

खड्डा खणणारी माणसं आंब्याखाली बसली होती. त्यांत आमचे हेही. मी खुणेने बाजूला बोलावलं.

"अहो, उठा ना. म्हातारीने काय केलंय?"

"एकटा खणू? उद्या मी मेलो की मला तू पुरशील?"

दहाच्या सुमारास बाई स्वतःच आल्या. अनवाणी. येऊन गावप्रमुखांसमोर गुडघ्यांवर बसल्या. "आजोबा, काय दंड सांगाल तो भरते."

म्हातारे म्हणाले, "दोन कोंबड्यांनी भागलं असतं तर जूनमध्येच भागवलं असतं, पोरी. मला नको विचारू. तिवोंगेला विचार."

तिवोंगेला बोलावून आणलं. ती खाली बसलीसुद्धा नाही.

"माझं लेकरू खाली ठेवत होते," ती म्हणाली, "आणि पडवीतनं बा, बे, बि, बो, बु. टाळ्या वाजवून. तुम्ही म्हणायला सांगत होतात, बाई, आणि पोरं म्हणत होती. अजून रोज सकाळी म्हणतात. रोज सकाळी मी खड्ड्याशीच असते."

"माझं चुकलं, तिवोंगे."

"चुकलं म्हणून काय करू? ते बंद करा."

"चोपन्न पोरं आहेत गं. तुझी थोरलीही पेज पिते."

"माझी थोरली कंद खाईल."

आंब्याखाली एक जण हळूच म्हणाला, "ऊन चढतंय." फेब्रुवारीचं दमट ऊन. घरात म्हातारी पडलेली, काय ते सगळ्यांना कळलं.

त्या जूनच्या दिवशी माझी दोन्ही पोरं वर्गात होती. मीच न्हाऊ घालून पाठवली होती, पाहुण्यासमोर नीट दिसावीत म्हणून, आणि मग तिवोंगेकडे रडायला गेले होते. फ्लोरिडाचीही होती. आंब्याखाली बसलेल्या बहुतेकांची होती. हे तिथे म्हणायला एक वाक्य पुरलं असतं. मी डोईचा रुमाल सारखा केला.

बाई म्हणाल्या, "बरं." मग पडवीतल्या पीठ-पाट्यांच्या पेटीची किल्ली गळ्यातून काढून प्रमुखांच्या हातात दिली.

माणसं उठली. आमच्या ह्यांनी पहिली कुदळ घातली. तासाभरात सारा गाव बाईंच्या अंगणात होता. लाकडं आली, चुली पेटल्या, सगळ्यांपुरतं मक्याच्या पिठाचं घट्ट न्सिमा शिजलं. स्तोत्रं इतकी सुरेख झाली, की पाळक म्हणाले, अशी माती कित्येक दिवसांत पाहिली नाही. तिवोंगे बाईंना धरून रडली, आणि ते रडणं खोटं नव्हतं.

आज सकाळी पोरं नेहमीसारखी कप घेऊन पडवीपाशी आली. मी चर्च झाडायला गेले होते. बाई पायरीवर उभ्या होत्या.

"आज पेज नाही," बाई म्हणाल्या.

"मग गाणं तरी म्हणू?" एका चिमुरडीने विचारलं.

"गाणंही नाही. घरी जा."

पोरं जाईनात. कप घेऊन तिथेच बसून राहिली. शेवटी फ्लोरिडा काठी घेऊन आली आणि तिने कोंबड्या हाकलाव्यात तशी हाकलली. तिची धाकटी त्यांतच होती.

संध्याकाळच्या प्रार्थनेला बसले, पण प्रभूला काय मागावं ते सुचलं नाही. म्हणून हे लिहायला बसले. मघाशी बाई माझी छत्री मागून घेऊन गेल्या. उद्या त्या चालत तालुक्याच्या गावी जाणार आहेत, संस्थेच्या मास्तरांना सांगायला, की वर्ग बंद झाला, पीठ पाठवू नका.