काळा ठसा

आमच्या वारज्याच्या सोसायटीत तळमजल्यावर राहणारे एक गृहस्थ पूर्वी सरकारी मोहिमेतून अंटार्क्टिकाला जाऊन आले होते. त्याबद्दल फारसं बोलत नसत. फक्त रविवारी सकाळी कुंपणाच्या भिंतीवर, उन्हात, फ्रीजरमध्ये गोठवलेलं पाण्याचं स्टीलचं ताट ठेवत आणि आमच्या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये बोट फिरवून काळे ठिपके त्यावर टेकवत.

आयटीतल्या पगारावर मी नवी डिझेल गाडी घेतली, तेव्हा त्यांनी मला बोलावलं.

"आज आपण टेकवा."

मी काजळीचं बोट टेकवलं. बघता बघता ठसा खाली जाऊ लागला. आजूबाजूचा बर्फ शाबूत होता. ठशाखाली मात्र बोटाएवढा खड्डा पडत गेला, सावकाश, कुणीतरी अजून दाबत असल्यासारखा.

"तिकडे बर्फात अशीच भोकं दिसतात," ते म्हणाले. "वाकून पाहिलं की तळाशी काळं बसलेलं असतं."

"इथला धूर तिथवर थोडाच जातो?"

"सगळा नाही जात हो."

सोमवारी गाडी सुरू केली, तेव्हा ते खिडकीत उभे होते. माझ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. मागच्या धुराकडे पाहून, लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाला निरोप द्यावा तसा त्यांनी हात हलवला.