भिंतीपलीकडचा सिनेमा

आज संध्याकाळी आई तांदूळ धुऊन ओट्यापाशी नुसतीच उभी राहिली. खिडकीबाहेर नव्या इमारतीचा पाया खणताहेत. परवापरवापर्यंत तिथे आमच्या गल्लीचं थिएटर होतं. त्याची मागची भिंत आणि आमचं स्वयंपाकघर यांच्यामध्ये जेमतेम एक बोळ. पडदा दिसायचा नाही, पण सिनेमा सगळा ऐकू यायचा.

आईचं घड्याळ तेच. सहाचा खेळ सुरू झाला की ती भाजी निवडायला बसायची आणि मध्यंतराला सोड्याच्या बाटल्या खणखणल्या की भात टाकायची. नायिका रडायला लागली की शेजारच्या कुसुमकाकू खिडकीतून ओरडायच्या, "वहिनी, आज तरी तिला माहेरी पाठवतात का बघा!" रोज तोच सिनेमा आणि रोज तीच आशा.

एकदा बाबांनी दोघींना तिकिटं काढून दिली. परत आली तेव्हा आई हिरमुसली होती. म्हणाली, "आपली ती नव्हेच ही. आपली जरा सावळी होती." काकूंनाही ते पटलं. पुन्हा दोघी कधी आत गेल्या नाहीत.

थिएटर पाडताना हळहळणारे पुष्कळ जण फोटो काढायला आले होते. मला त्यांचा उगाच राग आला. त्यांनी तिथे सिनेमे पाहिले होते. आमच्याकडे ते सिनेमे राहायला होते.

"आई, भात टाकतेस ना?" मी विचारलं.

"मध्यंतर तर होऊ दे," ती म्हणाली, आणि दचकून माझ्याकडे बघत राहिली.