तनुजाचा दाखला

हसीनाबाई शेख लातूरच्या. घर क्लासवाल्यांच्या गल्लीत, त्यामुळे दिवसभर दारावरून पाठीला दप्तरं लावलेली पोरं जायची. नोकरी मात्र औसा तालुक्यातल्या एका गावी, जिल्हा परिषदेच्या शाळेत. भूकंपानंतर ते गाव जुनी जागा सोडून माळावर वसलं, तेव्हा देणगीदारांनी शाळा ऐसपैस बांधून दिली. खोल्या भक्कम होत्या, पण बसायला लेकरं उरेनात. इंग्रजी शाळांच्या गाड्या सकाळी सकाळी गाव उपसून न्यायच्या. पट साठाच्या खाली आला की तिसऱ्या शिक्षकाची जागा जायची, आणि तिसऱ्या हसीनाबाईच होत्या.

म्हणून एका जूनमध्ये त्या दारोदार फिरल्या. विठाबाईच्या ओट्यावर टेकल्या. विठाबाईचा नवरा भूकंपात गेलेला; तिनं मजुरी करून लेक वाढवला, आता नात शाळेच्या वयाला आली होती. तनुजाला गाडीनंच धाडायचं घरात ठरत आलं होतं.

"बाई, खरं सांगा," विठाबाई म्हणाली, "तुमचं लेकरू कुठं शिकायलंय?"

हसीनाबाईंचा अजहर लातूरच्या इंग्रजी शाळेत होता.

"अशाच शाळेत," हसीनाबाई बोलून गेल्या. "महापालिकेच्या."

"मग आमच्या तनुला काय धाड भरलीय? घ्या नाव."

परतीच्या एसटीत त्यांना आपल्याच जिभेची लाज वाटली. त्यांनी मनाची समजूत घातली, आपण शिकवूच की तिला जीव लावून. दोन वर्षं शिकवलंही. तिसऱ्या वर्षी पट घसरलाच. त्या 'अतिरिक्त' ठरल्या आणि चाकूरकडच्या शाळेत गेल्या. मागं हेडमास्तर चन्नबसप्पा आणि एक तरुण शिक्षक उरले. हेडमास्तर निम्मा वेळ बैठकांत आणि माहिती भरण्यात, तरुणाच्या गळ्यात सगळे वर्ग. पोरं एका खोलीत बसून फळ्यावरचं नुसतं उतरवायची.

तनुजा पाचवीत जायच्या सुमारास उन्हाळ्यात विठाबाई तिला घेऊन पत्ता विचारत लातूरच्या घरी आली.

"बाई, पोरगी चौथी पास झाली, पर तुमी शिकवलेलं समदं इसरली, धडा वाचता येईना. तुमच्याबिगर कोण हाय आमाला?"

हसीनाबाईंनी पुस्तक पुढं केलं. तनुजा एकेका अक्षरावर बोट ठेवून अडखळत राहिली, मग रडायलाच लागली. तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. शाळेतून निकाल घेऊन अजहर आत आला, गळ्यात टाय, खिशावर शाळेचं इंग्रजी नाव. आल्या आल्या आईला इंग्रजीतून काहीतरी सांगू लागला.

विठाबाईनं त्याच्याकडं पाहिलं, मग हसीनाबाईंकडं. आता ही बोलेल, चार शब्द सुनावेल, म्हणून त्या वाट पाहत राहिल्या.

"लेकरू गुणाचं दिसतंय," विठाबाई एवढंच म्हणाली. आणि नातीचे डोळे पदरानं पुसले.

"मावशी, ठेवा हिला माझ्याकडं," हसीनाबाई म्हणाल्या.

उन्हाळाभर तनुजा त्यांच्याकडं राहिली. पोरगी मुळात हुशारच होती. आधी वाचू लागली, मग भागाकार सुटले. जूनमध्ये विठाबाई न्यायला आली तेव्हा तनुजानं तिला अख्खी गोष्ट वाचून दाखवली.

"आता हितंच शिकू द्या हिला," विठाबाई म्हणाली. "तितं गेली तर पुन्हा इसरंल."

नाही म्हणायला हसीनाबाईंना तोंड नव्हतं. दाखला आणायला त्या स्वतः गावी गेल्या. चन्नबसप्पांनी तो लिहिला, शिक्का मारला.

"बाई, तुम्हीसुद्धा?" ते म्हणाले. "औंदा पाचवीला चारच उरले. आता ह्यांचा वर्ग बंद करून दुसऱ्या गावच्या शाळेत धाडा म्हणतील."

पलीकडच्या खोलीत ती चार पोरं कविता म्हणत होती. हसीनाबाई खिडकीजवळ थांबल्या. त्यातल्या एकीनं ओळखलं, "बाई आल्या, बाई आल्या," म्हणत ती उठून बाहेर पळत आली आणि त्यांचा हात धरून त्यांना आत ओढू लागली.