पातूर रोडवर वाढवलेला वेग

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. मॅरेथॉनच्या तयारीत माझा वेग वाढला, सगळ्यांनी कौतुक केलं. पण तो मेहनतीने नव्हता वाढला. मला बोलणं टाळायचं होतं.

अकोल्यात माझं मोबाइल आणि टॅबचं दुकान आहे. शाळा घरूनच चालायच्या तेव्हा टॅबसाठी गिऱ्हाईक शटर उघडायच्या आधी येऊन उभं राहायचं. मी हावरटासारखा माल भरला. मग शाळा उघडल्या, फोनच मोठे झाले, टॅब पडून राहिले. कुणी आलंच तर फोनवर ऑनलाइन भाव दाखवून निघून जायचं. डोकं नुसतं भणभणायचं. त्यात कंपनीने त्या मॉडेलचे अपडेट बंद केले, म्हणजे पुढे नवी अ‍ॅप त्यावर चालणार नव्हती. हे मला कळलं होतं.

रविवारी पातूर रोडला लांब पळताना माझा जोडीदार एक फुलवाला असायचा. सोबत पळणाऱ्याच्याच दुकानातून घ्यायचं, ही आमच्या ग्रुपची रीत. त्याची पोरगी डॉक्टरकीच्या प्रवेशाची तयारी करत होती. तिच्या क्लाससाठी तो माझ्याकडे टॅब घ्यायला आला. मी त्याला त्या पडलेल्या मालातलाच दिला, आणि त्याने खोका उघडूनही पाहिला नाही.

थोड्याच महिन्यांत क्लासचं नवं अ‍ॅप त्यावर चालेना.

"भाऊ, पोरगी म्हनते टॅब अटकून राहिला. खराब तं नाही ना?"

"टॅबले काय झालं? गेम भरले असतीन तिनं."

"मलेही तेच वाटलं. खोटं बोलून राहिली म्हना. पाहतो आता तिच्याकडे."

त्याने टॅब काढून कपाटात टाकला आणि पोरीशी धड बोलणंही सोडलं.

लांब पळताना गप्पा मारता येतील एवढाच वेग ठेवायचा असतो. त्यामुळे पुढच्या प्रत्येक रविवारी तो पोरीचा विषय काढायचा, आणि मी पुढे सुटायचो. धापा टाकणाऱ्याला कोण काय विचारणार?

"काहून पळून राहिला बे एवढा? कुत्रं लागलं का मांगं?" तो मागून ओरडायचा.

अशाने गुडघा कामातून गेला. अमरावतीच्या मॅरेथॉनमध्ये अर्ध्याच्या थोडं पुढे मी रस्त्याच्या कडेला बसलो. तो मागून आला आणि थांबला. इतक्या महिन्यांची त्याचीही तयारी होती.

"तू जाय," मी म्हटलं.

"तुले असा टाकून? पागल आहे काय!"

त्याने माझ्या गुडघ्यावर स्प्रे मारला. जवळच्या वलगावचा कोणी ओळखीचा गाडी घेऊन येतो का, म्हणून फोन लावत बसला. तेव्हा सांगता आलं असतं. मी पाणी पीत राहिलो.

पोरगी त्या प्रवेश परीक्षेत राहिली. टॅब चांगला असता तरी राहिली असती कदाचित, अशी समजूत मी घालत असतो. पण बापाच्या लेखी ती अजून खोटारडी आहे, आणि मी भला माणूस.

तिच्या देखत तिच्या बापाला सांगायचं आहे, की ती खरं बोलत होती आणि खोटं मी बोललो. एवढं मी तिचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.