संत्र्याला दिलेला ताण

लोकांचे बगिचे आखून, लावून आणि सांभाळून देणं हा माझा धंदा आहे, पण त्यातला मला आवडणारा भाग म्हणजे नाक खुपसणं. एखादं झाड का रुसलं, शेजारच्याच वाफ्यातलं का माजलं, गवत नेमकं एकाच कोपऱ्यात का पिवळं पडलं, हे कळेपर्यंत मला चैन पडत नाही. नवरा म्हणतो, तू चुकून बगिच्यात आलीस, तुझी जागा पोलिसात होती. आणि नागपुरात कोडी काही कमी नाहीत. भर मे महिन्यात कूलरसमोर बसून माणूस खिडकीबाहेर बघतो आणि त्याला तिथे डोंगरातली थंड हिरवळ हवी असते. खाली काळी माती, जी पावसाळ्यात फुगते आणि नंतर अशी भेगाळते की चपलेचं टोक आत जातं. मी मान डोलावते आणि हिरवळ निम्मी करून बोगनवेल वाढवते.

वर्धा रोडच्या बाजूच्या एका लेआउटमधलं, म्हणजे प्लॉट पाडलेल्या वस्तीतलं, घर मला मिळालं, तेव्हा दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. बोलावणारा होता घरातला मुलगा, चाळिशीचा, नोकरीत स्थिरावलेला, दुसरी गाडी घ्यायच्या बेतात असलेला. पुढचं अंगण सपाट करून तिथे पेव्हर ब्लॉक टाकायचे, कडेने चार शोभेची झाडं लावायची, असा त्याचा सरळ हिशेब. मधे उभं होतं एक संत्र्याचं झाड. चांगलं डोक्यावर गेलेलं, गर्द, तकतकीत पानांचं, आणि त्याला आजवर एक फूल आलेलं नव्हतं.

"मॅडम, नकाशा दोन प्रकारे काढा," तो म्हणाला. "एक झाडासकट, एक झाडाशिवाय. यंदा बार आला, म्हणजे फुलं धरली, तर झाड राहीन. नाही आला तर फेब्रुवारीनंतर काढून टाकू. आईनं कबूल केलं आहे."

त्याची आई पायरीवर बसून मेथी निवडत होती. तिने मान वर केली नाही. मी तिला काकू म्हणू लागले. झाड तिनेच लावलेलं, तिनेच वाढवलेलं. घरात बाकी सगळ्यांना ते झाड म्हणजे अडगळ वाटत होती, आणि तिने कबूल का केलं, हे मला तेव्हाच विचारावंसं वाटलं होतं. पण पहिल्या भेटीत इतकं बोलायचं नसतं, एवढं भान मला आहे.

मी आधी झाडाकडे वळले. कलमाच्या खालच्या जंगली खुंटालाच फुटवे येऊन ते वाढले असते तर गोष्ट तिथेच संपली असती, पण खुंट साफ होता. पान चुरगळून हुंगलं, वास अस्सल संत्र्याचा. ऊन दिवसभर. कीड नाही. मग उरतं एकच कारण. संत्र्याला बार हवा असेल तर थंडीत त्याचं पाणी तोडावं लागतं. पानं मलूल होईपर्यंत तहानलेलं ठेवायचं, मग पाणी आणि खत द्यायचं, की ते फुलतं. बागाईतदार याला ताण देणं म्हणतात. बंगल्यातल्या झाडाला कोण ताण देतो? तिथे रोज सकाळी पाइप असतो आणि लाड असतात.

मी काकूंना हे सगळं नीट समजावून सांगायला बसले. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग मेथीची जुडी खाली ठेवली.

"मले सांगून राहिली का वं तू? माह्या बापाची काटोलकडे संत्र्याची बाग होती."

म्हणजे यांना ठाऊक होतं!

"मग काकू, तुम्ही एकदाही ताण काहून नाही दिला?" मीही त्यांच्याच बोलीत शिरले.

"लहानपणी पाहिला म्हणून. थंडीत बागेत गेलं की पानं अशी गुंडाळलेली राहत. विहिरीत पाणी दिसे, पण द्यायचं नाही. मी बापाले म्हणो, थोडं दे ना. तो हसे. मग हे झाड लावलं तवा ठरवलं, याच्यापासून मले काही नको. प्यावं आणि राहावं."

तर अडचण अशी होती. ताण द्यावा तर काकूंनी स्वतःशी ठरवलेलं मोडतं आणि न द्यावा तर झाड कापलं जातं. मुलाला यातलं काही माहीत नव्हतं आणि काकूंना ते त्याला सांगायचं नव्हतं. दोन दिवस त्यांनी विचार केला. तिसऱ्या दिवशी फोन आला. "कर तू सुरू. पण मले तिथं उभी करू नको."

डिसेंबरात मी आळं मोकळं केलं, वरची माती हलकी खणून मुळांना ऊन दिलं आणि बागेचा पाइप गुंडाळून ठेवायला सांगितलं. मधूनमधून चक्कर मारत होते. पण जानेवारी उजाडला तरी झाड आपलं टवटवीत! वरची माती खडखडीत कोरडी, आणि वीतभर खाली हात घातला की ओल. मूठ दाबली की मातीचा लाडू वळत होता. काळी माती पाणी धरून ठेवते हे खरं, पण इतकं?

संशय अर्थातच काकूंवर. मी आडून विचारलं, तर त्या भडकल्या. "शब्द दिला तर दिला. चोरून पाणी घालाले मी काय लहान पोर आहे?" मग मी भांडी घासणाऱ्या बाईंना विचारलं, शेजाऱ्यांच्या भिंतीला कान लावला, जमिनीखालच्या टाकीचं झाकण उघडून गळती शोधली. काही हाती लागेना. मला राग येत होता आणि खरं सांगायचं तर मजाही येत होती.

एकदा सीताबर्डीकडे सकाळी लवकर काम होतं, म्हणून वाटेत तिथे डोकावले. मुलगा गाडी धूत होता. पोर्चमधल्या नळाच्या पाइपची धार, शॅम्पूचा फेस, खाली फरशीवरून वाहणारा ओहोळ. तो ओहोळ उताराने फरशीच्या कडेपर्यंत जात होता आणि तिथे चक्क नाहीसा होत होता. मी बसून पाहिलं. कडेला मातीला बोटभर भेग पडली होती आणि सगळं पाणी त्या भेगेतून आत, झाडाच्या मुळांकडे चाललं होतं. रोज सकाळी.

"बंद करा!" मी ओरडले. तो दचकला. मी त्याला भेग दाखवली, खालची ओल दाखवली.

"म्हणजे मीच त्याले पाणी पाजून राहिलो?" तो हसायला लागला, आणि मग हसू थांबलं. त्याच्या लक्षात आलं होतं, माझ्याही. त्याला काही करायची गरजच नव्हती. गाडी धूत राहिला असता तर बार आला नसता आणि अंगण मोकळं झालं असतं. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. मला खरंच जाणून घ्यायचं होतं, हा काय करतो. त्याने हात पुसले, नळ बंद केला आणि म्हणाला, "असं जिंकण्यात काही अर्थ नाही, मॅडम."

नंतरचे काही आठवडे ती गाडी धुळीने इतकी माखली की लेआउटमधली पोरं तिच्यावर बोटाने चेहरे काढत. झाडाची पानं आधी फिकी झाली, मग कडांनी आत वळली. तहान दिसायला लागली. मला समाधान वाटायला हवं होतं, पण काकू आता खिडकीचा पडदा लावून बसत.

एका दुपारी मी आळ्याशी वाकले होते. काकू भरलेली बादली घेऊन बाहेर आल्या. सरळ झाडाकडे. मी "काकू, काकू" म्हणेपर्यंत मुलगा पोर्चमधून पुढे आला आणि त्याने बादलीची कडी धरली.

"आई, थोडेच दिवस. आता ओतलं तर इतके दिवस उपाशी ठेवलेलं फुकट जाईन."

"मरून जाईन ते."

"नाही मरत. मी रोज बघून राहिलो ना."

त्यांनी बादली सोडली. दोघं तिथेच उभे राहिले. मला कुठे बघावं कळेना, म्हणून मी उगाच माती उकरत बसले.

पहिलं हलकं पाणी दिलं, तेव्हा ते त्या मुलाने दिलं. मग शेणखत, मग भरपूर पाणी. फेब्रुवारी अर्धा सरला असेल, एका सकाळी त्याचा फोन. "मॅडम, या तुम्ही." एवढंच. फाटकाशीच वास आला. झाड पांढऱ्या कळ्यांनी लगडलं होतं, मधमाश्या घुमत होत्या, आणि तो मोबाइलवर फोटो काढत सुटला होता. मला फार आनंद झाला, अगदी टाळ्या पिटाव्यात इतका.

"पाहिलं आई? पुढच्या वर्षी आणखी चांगला ताण देऊ. मॅडम म्हणतात, दरवर्षी देता येते."

काकू एक फांदी हातात धरून उभ्या होत्या. "नाही," त्या म्हणाल्या. "पुन्हा नाही."

"मग पुढच्या वर्षी बार नाही येणार."

"नको येऊ दे."

"मग झाड ठेवायचं कशाले?" त्याने सहज विचारलं, रागाने नाही.

काकूंनी त्याच्याकडे पाहिलं. "तू कॉलेज संपवून चार वर्षं घरी बसून होता. कुठंच नंबर लागत नव्हता तुया. तवा मी तुयं जेवण बंद केलं होतं का रे?"

त्याने माझ्याकडून झाडाशिवायचा नकाशा मागून घेतला, "हा आता लागत नाही, मॅडम," म्हणाला आणि घडी करून खिशात घातला.